विषुववृत्तीय प्लाझ्मा बुडबुडे

चुंबकीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषा जिथे आडव्या असतात त्या रेषेच्या) दोन्ही बाजूंना, सूर्यास्तानंतर आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागात, तयार होणारे, विद्युतभारित कणांची दाटी एकदम घसरलेले पट्टे. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. रेडिओ लहरी विस्कटतात तेव्हा कळतात. पेरू देशातील वांकायो येथील नोंदींत आयनांबरावरून परतणारा रेडिओ लहरींचा प्रतिध्वनी रेखीव न येता पसरट येत असल्याचे बुकर आणि वेल्स यांनी १९३८ मध्ये मांडले. त्यावरून ‘स्प्रेड एफ’ हे नाव पडले. बुडबुड्यांची कल्पना नंतरची.

सूर्य मावळला की साधारण १०० ते १५० किमी उंचीवरचा ई थर झपाट्याने विरतो. त्याच्या वरचा एफ थर मात्र रात्रीही टिकतो. म्हणजे खाली विरळ, वर दाट. तेलावर पाणी अलगद ओतले तरी ते वर राहत नाही, तसेच इथे होते; जराशी लहर आली की खालचा विरळ भाग वर घुसू लागतो. याला रॅले-टेलर अस्थिरता म्हणतात. त्यात मावळतीच्या सुमारास पूर्वाभिमुख विद्युतक्षेत्र थोडा वेळ जोर धरते आणि अख्खा थर आणखी वर ढकलते. तिथे हवा विरळ असल्याने कणांच्या टकरा कमी होतात आणि अस्थिरता फोफावते. काही बुडबुडे १,००० किमीच्याही वर पोहोचतात.

‘बुडबुडा’ हा शब्द तसा फसवाच. आकार गोल नसतो. मागावरच्या ताण्याच्या धाग्यांसारखे हे पट्टे चुंबकीय बलरेषांच्या कडेने उत्तर-दक्षिण शेकडो ते हजारो किमी ताणलेले असतात. हे पट्टे सोलापूरवर केव्हा येतात, तेही यावरूनच ठरते. भारतात चुंबकीय विषुववृत्त दक्षिण टोकाजवळून जाते आणि सोलापूर त्याच्या उत्तरेला नऊ-दहा अंशांवर आहे. सोलापूरवर ३०० किमी उंचीवरून जाणारी बलरेषा चुंबकीय विषुववृत्तावर ४५० ते ५०० किमी उंच असते. बुडबुडा तिकडे तेवढा चढला, तरच त्याचे उत्तरेकडचे टोक सोलापूरच्या डोक्यावर येते. ठेंगणे बुडबुडे दक्षिणेतच राहतात.

भारतात यांचा हंगाम संपातांच्या (दिवस-रात्र सारखे असण्याच्या दिवसांच्या) आसपासचा: पाडव्याच्या आगेमागे आणि नवरात्राच्या सुमारास. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर जवळपास एकच असल्याने, त्या दिवसांत बलरेषेच्या दोन्ही टोकांवर सूर्य एकाच वेळी मावळतो आणि दोन्हीकडचा ई थर एकदमच विरतो. सौरडागांचे प्रमाण वाढलेल्या वर्षांत बुडबुडे अधिक होतात.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात भारतीय भूचुंबकत्व संस्थेने आकाशदीप्तीचे, म्हणजे रात्रीच्या आकाशाच्या स्वतःच्या मंद उजेडाचे, वेध घेतले आहेत. ऑक्सिजनच्या ६३० नॅनोमीटर तांबड्या प्रकाशात बुडबुडे काळे पट्टे म्हणून उमटतात आणि सेकंदाला १०० ते २०० मीटर वेगाने पूर्वेकडे सरकतात. म्हणजे कोल्हापूरवरचा पट्टा सोलापूरच्या रेखांशावर यायला वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. एसटीला अख्खी दुपार लागते.

बुडबुड्यातून येणारा उपग्रहाचा संदेश ताऱ्यासारखा लुकलुकतो. जीपीएस ग्राहकाची पकड सुटते. म्हणूनच विमानांसाठीच्या ‘गगन’ प्रणालीपुढे आयनांबर हा मोठा प्रश्न होता. शॉर्टवेव्हवर हाच प्रकार फडफडत्या आवाजाच्या रूपाने ऐकू येतो. मात्र सोलापूरच्या नवी पेठेत भरदुपारी मोबाइलच्या नकाशावरचा निळा ठिपका पलीकडच्या गल्लीत उडी मारतो, त्याचा दोष बुडबुड्यांना देऊ नये. तो इमारतींवरून परतणाऱ्या लहरींचा असतो.

जमीनमोजणी दिवसाउजेडी उरकत असल्याने मोजणीदारांची या बुडबुड्यांशी सहसा गाठ पडत नाही. रात्री आठनंतर आरटीके यंत्र (उपग्रहांवरून अगदी नेमकी जागा मोजणारे यंत्र) लावणाऱ्याची पडते: पडद्यावर उपग्रह भरपूर, तरी यंत्र ‘फ्लोट’वरच, म्हणजे ढोबळ मोजमापावरच, अडकलेले, ‘फिक्स’, म्हणजे नेमके मोजमाप, काही होत नाही. अँटेना काढून-घालून उपयोग नसतो. पट्टा पूर्वेला सरकेपर्यंत थांबायचे, आणि मागोमाग दुसरा आला तर सामान आवरून सकाळी यायचे.