रोस्टर, रात्र आणि शरीरातलं घड्याळ

गेल्या गळीत हंगामात माझा भाचा चार दिवसांसाठी भिलवडीला आला होता. तो एका विमान कंपनीत को-पायलट आहे. त्या आठवड्यात आमच्या शेतीपंपाची लाईट रात्रीची होती. बारानंतर मी उसाला पाणी द्यायला निघालो, तर हा जागाच. "मामा, मी पण येतो," म्हणाला. पहाटे तीनच्या सुमारास दारं धरताना मी भलताच बांध फोडला आणि पाणी शेजारच्या रानात गेलं. तीस वर्षं हे काम करतोय, दिवसा अशी चूक कधी झालेली नाही. भाचा बॅटरी धरून उभा होता. तो हसला नाही. एवढंच म्हणाला, "मामा, बरोबर याच वेळेला आम्ही लँडिंग करत असतो."

मग बांधावर बसून त्यानं मोबाईलवर रोस्टर, म्हणजे ड्यूट्यांचं वेळापत्रक, दाखवलं. एका दिवशी पहाटे साडेचारला हजेरी, पुढं एक दिवस संध्याकाळची ड्यूटी, लगेच रात्री अकराला निघून सूर्य उगवताना परत. तास मोजले तर सगळं नियमात. वैमानिकानं वर्षाला १००० तासांपेक्षा जास्त उड्डाण करायचं नाही, असा आपल्याकडे नियम आहे. हे ऐकून गावात कुणीही म्हणेल, एवढंच काम? पण हे तास विमान जागचं हललं की सुरू होतात आणि पुढच्या विमानतळावर जागेवर उभं राहिलं की थांबतात. त्याआधीची हजेरी, हवामानाचे कागद, दोन उड्डाणांमधलं ताटकळणं, हे ड्यूटीच्या वेगळ्या हिशेबात जातं. आणि दोन्ही हिशेबांना एक गोष्ट फार कमी कळते: दुपारचे तीन आणि पहाटेचे तीन यांत शरीराच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक आहे.

झोप दोन गोष्टींवर चालते. पहिली साधी आहे. जितका वेळ जागं राहावं, तितकी झोपेची ओढ वाढते. जागेपणी मेंदूत अॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोपेत ते उतरतं. चहा-कॉफीतलं कॅफिन या अॅडेनोसिनच्या जागा अडवून बसतं, म्हणून तरतरी वाटते. साठलेलं अॅडेनोसिन मात्र तिथंच असतं. कॅफिन उतरलं की ते आपलं काम करतंच.

दुसरी गोष्ट म्हणजे घड्याळ. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथं एकमेकींना छेदतात, त्याच्या जरा वर काही हजार पेशींचा एक ठिपका आहे. झोप, शरीराचं तापमान, संप्रेरकं, भूक या सगळ्यांची वेळ तो लावतो. पेशीतली काही जनुकं प्रथिनं बनवतात, ती प्रथिनं साठली की स्वतःच्याच जनुकाला थांबवतात, प्रथिनं झिजली की जनुक पुन्हा सुरू. एक फेरा साधारण दिवसभराचा. या यंत्रणेच्या शोधासाठी जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७चं नोबेल मिळालं. आपल्याकडे मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनी गुहेतल्या वटवाघळांवर आणि बाहेरच्या उजेडापासून तोडलेल्या खोलीत राहिलेल्या माणसांवर याच विषयाचं मोठं काम केलं. त्यांचं नाव आपल्याकडे कमी घेतलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

माणसाचं हे घड्याळ आपोआप चाललं तर २४ तासांपेक्षा थोडं हळू चालतं. रोज सकाळचा उजेड ते जुळवून घेतो. त्यामुळं उशिरा झोपणं सोपं जातं, लवकर झोपणं अवघड. संध्याकाळच्या ड्यूटीनंतर पहाटेची ड्यूटी लागली की माणूस आठ वाजता अंथरुणात पडतो आणि अकरापर्यंत आढ्याकडे बघत राहतो. कागदावर विश्रांती पूर्ण असते, झोप नसते. वैमानिक रोस्टरवरून वाद घालतात तो पुष्कळदा एवढ्यासाठीच असतो. "तास कमी करा असं आमचं म्हणणं नाही," भाचा म्हणाला, "आज पहाटे, उद्या रात्री, परवा पुन्हा पहाटे असं नको."

रात्री दोन ते सहा हा या घड्याळाचा सगळ्यात खोल उतार. शरीराचं तापमान याच वेळात तळाला जातं, प्रतिक्रिया मंदावतात. १९९७ साली ऑस्ट्रेलियात ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड यांनी लोकांना जागं ठेवून त्यांच्या हात-डोळ्यांची कामं तपासली. १७ तास जागं राहिल्यावर त्यांची गत रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखी झाली होती. आपल्याकडे गाडी चालवताना ०.०३ टक्क्याच्या पुढं गेलं की गुन्हा. वैमानिकाला उड्डाणाआधी नळीत फुंकर मारायला लावून दारू तपासता येते. थकवा तपासणारी नळी अजून कुणी बनवलेली नाही.

२२ मे २०१०ला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान सकाळी सहाच्या सुमारास मंगळूरच्या धावपट्टीपुढं दरीत कोसळलं. १६६ पैकी १५८ माणसं गेली. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात पहिली एक तास चाळीस मिनिटं कॅप्टन झोपेत होता, असं चौकशीत निघालं. सहवैमानिकानं उतरणं सोडून पुन्हा वर जाण्याविषयी सांगितलं होतं, तरी विमान उतरवलं गेलं. गाढ झोपेतून उठल्यावर काही काळ मेंदू अर्धा झोपेतच असतो आणि पहाटे हा अंमल जास्त टिकतो. रात्री दारं धरायला मध्येच उठवलेल्या माणसाला चप्पल सापडत नाही, ते यामुळंच.

आटोपशीर डुलकी मात्र औषधासारखी काम करते. नासाच्या एका अभ्यासात लांबच्या उड्डाणांवर वैमानिकांना आळीपाळीनं ४० मिनिटं विश्रांती दिली. सरासरी २६ मिनिटं झोप लागली आणि न झोपलेल्यांच्या तुलनेत काम ३४ टक्के सुधारलं.

भारतात विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीए या सरकारी संस्थेनं जानेवारी २०२४मध्ये वैमानिकांच्या ड्यूटीचे नवे नियम जाहीर केले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८. रात्र पूर्वी बारा ते पाच धरत, ती आता सहापर्यंत. रात्रीच्या एका ड्यूटीत लँडिंग जास्तीत जास्त सहा चालायची, ती आता दोन. पाच ते सहा हा एकच तास वाढला, पण तो मंगळूरचा तास आहे. कंपन्यांच्या विरोधामुळं अंमलबजावणी लांबली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि शेवटी २०२५च्या जुलै आणि नोव्हेंबरमध्ये दोन टप्प्यांत नियम लागू झाले. डिसेंबरच्या सुरुवातीला इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, पुणे विमानतळावर माणसं बॅगांवर बसून राहिली आणि डीजीसीएला त्या कंपनीपुरती रात्रीच्या नियमांत तात्पुरती सूट द्यावी लागली. लोकांचे हाल खरेच होते. पण दोष नियमांचा नव्हता, हे मी ठामपणे म्हणेन. तयारीला दीड वर्षाहून जास्त वेळ मिळाला होता.

करारातला पैशाचा भागही झोपेपर्यंत पोचतो. वैमानिकाच्या पगारात काही तासांची हमी असते, बाकी उड्डाणाप्रमाणे. एप्रिल २०२४मध्ये ‘विस्तारा’ या विमान कंपनीच्या वैमानिकांची नाराजी याच हमीवरून होती, ती ७० तासांवरून ४० वर आणली जात होती. हमी कमी झाली की थकलेला माणूस "आज मला जमणार नाही" म्हणायला कचरतो. आमच्याकडच्या ऊसतोड मजुराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. टनावर पैसे असले की ताप अंगात असतानाही कोयता चालतो.

पहाटे साडेपाचला आम्ही मोटर बंद करून घरी आलो. तायडीनं भाच्याच्या खोलीच्या खिडकीला गोधडी टांगून ठेवली होती. तरी नऊच्या सुमारास तो उठून बाहेर आला. गिरणी सुरू झाली होती, पण ते कारण नव्हतं. दिवस वर आला की शरीराचं तापमान चढू लागतं आणि रात्रभर जागलेला माणूसही मध्येच जागा होतो. साडेतीन तास झोप झाली होती. त्यानं तायडीकडे चहा मागितला आणि मोबाईलमध्ये पुढच्या आठवड्याचं रोस्टर आलंय का ते बघत ओट्यावर बसला.