पर्ससीन आणि ट्रॉलर: बातमीत एकत्र, समुद्रात वेगळे

सिंधुदुर्गच्या समुद्रात भांडण पेटलं की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत 'पर्ससीन', 'ट्रॉलर', 'हायस्पीड' आणि 'एलईडी' हे चारही शब्द एकाच परिच्छेदात येतात. किनाऱ्यापासून लांब राहणाऱ्या वाचकाला वाटतं, ही एकाच बोटीची चार नावं असावीत. सोबतचा फोटो तर हाताला लागेल त्या बोटीचा असतो. किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकाराला या गल्लतीने फारसा फरक पडत नाही, कारण पर्ससीन आणि ट्रॉलर दोघंही त्याच्याच पोटावर येतात. पण समुद्राच्या तळाचं काय होतं हे समजून घ्यायचं असेल, तर ही दोन जाळी आधी वेगळी ओळखायला हवीत.

ओळख जेटीवरच पटते. बोटीच्या मागच्या बाजूला लोखंडी कमान, तिच्यावर दोन्हीकडे टांगलेल्या जड चौकोनी फळ्या आणि पोलादी वायर ओढणारं विंच दिसलं, की तो ट्रॉलर. खलाशी थोडेच, सात-आठ. पर्ससीनच्या डेकवर मात्र जाळ्याचा डोंगर रचलेला असतो, बोयांच्या म्हणजे तरंगत्या गोळ्यांच्या माळा असतात, धातूच्या कड्यांचा ढीग असतो आणि जाळं ओढायला माणसंही भरपूर, पंचवीस-तीस.

पर्ससीनची युक्ती आजीच्या बटव्याची आहे. बांगड्याचा किंवा तारलीचा थवा दिसला (हल्ली डोळ्यांपेक्षा 'सोनार', म्हणजे आवाजाच्या लहरींनी मासे शोधणारं यंत्रच, आधी दाखवतं), की बोट त्याच्याभोवती गोल फिरत कित्येकशे मीटर लांबीचं जाळं सोडते. वरची कड बोयांवर तरंगते आणि शिशाच्या वजनांनी खालची कड बुडते. त्या खालच्या कडेला कड्या लावलेल्या असतात आणि कड्यांतून एक दोर ओवलेला असतो. तो दोर खेचला की बटव्याची नाडी ओढावी तसं जाळ्याचं बूड बंद होतं. थवा आत, सगळाच्या सगळा. म्हणून या जाळ्यात बहुतेक एकाच जातीची मासळी येते, तीही वरच्या पाण्यातली: तारली, पेडवे, बांगडे, कुपा.

ट्रॉलरला थवा शोधावा लागत नाही. त्याचं जाळं म्हणजे निमुळती होत जाणारी लांब पिशवी. तोंडाशी त्या दोन फळ्या असतात. बोट पुढे निघाली की पाण्याच्या दाबाने पतंगासारख्या त्या एकमेकींपासून दूर जातात आणि पिशवीचा जबडा उघडा राहतो. फळ्या तळावर टेकलेल्या असतात. त्या चिखलात चर पाडत जातात, गाळाचा ढग उठतो आणि त्या ढगाला बुजलेले मासे बरोबर जबड्याकडे वळतात. म्हणजे गाळ ढवळणं ही या पद्धतीतली चूक नाही, मासे हाकण्याची ती सोयच आहे. वेग माणसाच्या चालीइतका. असं दोन-तीन तास ओढल्यावर पिशवी वर येते तेव्हा तिच्यात कोळंबी असते, माकूल, लेप, ढोमी, पाकट, चिंबोरी असतात आणि शिवाय शिंपले, तारामासे, बोटाएवढी पिल्लं. हवं ते निवडतात, उरलेलं समुद्रात जातं किंवा मासळीचं कूट करणाऱ्या कारखान्यात. (पाण्याच्या मधल्या थरात ओढायचे ट्रॉलही असतात. इथे मी तळाच्या ट्रॉलबद्दलच बोलतो आहे.)

ही पद्धत आपल्याकडे फार जुनी नाही. १९५० च्या दशकात केरळात आलेल्या भारत-नॉर्वे प्रकल्पाने यांत्रिक बोटींना चालना दिली, परदेशात कोळंबीला भाव मिळू लागला आणि ट्रॉलर पश्चिम किनाऱ्यावर पसरले. पर्ससीन त्यानंतरचं, १९७० च्या दशकातलं. गोव्यात रांपणकार रस्त्यावर उतरले ते याच दोन पद्धतींविरुद्ध. गल्लतीचं मूळ कदाचित तिथेच असावं: आंदोलन एकच होतं, जाळी दोन.

आता नुकसानीकडे येऊ. पर्ससीन पाण्यातली संख्या घटवते. अंडी घालायला आलेला थवा अख्खा उचलला तर पुढच्या पिढीची गोळाबेरीज बिघडते, आणि पारंपरिक मच्छीमाराच्या वाट्याला काही उरत नाही. हा अन्याय खरा आहे. पण वरच्या पाण्यातली मासळी लवकर वाढते, लवकर वितेही. केरळात तारली २०१२ मध्ये जवळपास ४ लाख टन मिळाली होती. २०२१ मध्ये ती साडेतीन हजार टनांच्याही खाली घसरली आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत पुन्हा लाख टनांवर गेली. या चढउतारात समुद्राच्या तापमानाचा आणि पावसाचाही हात असतो, सगळं पाप जाळ्याच्या माथी मारता येत नाही. इतकं मात्र दिसतं की तारली परत येऊ शकते.

तळाचं गणित संथ आहे. चिखल म्हणजे नुसता चिखल नव्हे. त्यात किडे, शिंपले, खेकडे यांची बिळं असतात, त्यांच्या वळवळीने खालच्या थरांत हवा खेळते, आणि मासळीचं खाणं तिथेच पिकतं. जगभरातल्या प्रयोगांचा एकत्र हिशेब २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. फळ्यांचा ट्रॉल सरासरी २.४ सेंटिमीटर तळात शिरतो आणि एका फेरीत तिथले सुमारे ६ टक्के जीव नाहीसे करतो, असं त्यात निघालं. ६ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. अडचण अशी की त्याच पट्ट्यावरून हंगामभर पुन्हा पुन्हा फेऱ्या होतात, आणि तळ बऱ्यापैकी पूर्वपदावर यायला त्याच अभ्यासाप्रमाणे दोन ते साडेसहा वर्षं लागतात. आपली मासेमारी बंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत. विणीला आलेल्या मासळीला तेवढ्यातही उसंत मिळते, उखडलेल्या तळाला नाही. प्रवाळ आणि स्पंज असलेल्या ठिकाणी तर काही वर्षांचाही हिशेब लागू पडत नाही. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटरवरच्या आंग्रिया बँक या पाण्याखालच्या प्रवाळ पठाराबद्दल अभ्यासकांना काळजी वाटते ती म्हणूनच.

पर्ससीन तळाला कधीच शिवत नाही का? शिवते. तिचं जाळं पन्नासेक मीटर उंचीचं असू शकतं. दहा वाव म्हणजे अठरा मीटर पाण्यात ते टाकलं, तर शिशाची कड तळावर लोळणारच. उथळ पाण्यात येणाऱ्या पर्ससीनवर मच्छीमार चिडतात त्याचं हेही एक कारण आहे.

बाकीचे दोन शब्द झटपट संपवू. एलईडी हे जाळं नव्हे, रात्री मासळी गोळा करायचा दिवा. तो बहुतेक पर्ससीनच्या जोडीला असतो, आणि केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यावर बंदी घातली. दोन बोटींनी मिळून एकच जाळं ओढायचं बुल ट्रॉलिंगही त्याच वेळी बंद केलं. हायस्पीड म्हणजे परराज्यातून येणारे ताकदवान इंजिनांचे ट्रॉलर.

कायद्यातही फरक आहे. महाराष्ट्राने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनचे परवाने टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणायचं ठरवलं आणि तिचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर इतकाच ठेवला. संख्या आणि महिने बांधून घालणं त्या जाळ्याला शोभतं, कारण तिथला प्रश्न किती पकडलं हा आहे. ट्रॉलरबाबत कुठे ओढलं हे आधी विचारावं लागतं. पिशवीला चौकोनी आस (जाळ्याची भोकं) लावली तर ताण पडल्यावर ती मिटत नाही आणि पिल्लं निसटतात. उपाय चांगला आहे, पण खालचा चर तितकाच खोल पडतो. तळासाठी ठरावीक जागा कायमच्या सोडून द्याव्या लागतात. श्रीलंकेने तर २०१७ मध्ये तळाचं ट्रॉलिंगच कायद्याने बंद केलं. त्यामागे पाल्कच्या सामुद्रधुनीत तमिळनाडूचे ट्रॉलर शिरतात हा राग होता, हेही खरं.

किनाऱ्याजवळ हल्ली काँक्रीटचे पोकळ ठोकळे तळावर सोडून कृत्रिम भित्तिका करतात. मासे त्यांत आसरा घेतात, आणि ट्रॉलचं जाळं त्यांना अडकून फाटतं, म्हणून ट्रॉलर तिथून लांब राहतो. खोल पाण्यातल्या पर्ससीनला त्या ठोकळ्यांचं काही सोयरसुतक नाही. ती वरच्या वर घेर टाकून निघून जाते.