मंदीवाल्यांवरची बंदी: २००१ आणि त्यानंतर

तेजी-मंदी सांगलीला शेअर बाजाराने शिकवली नाही. इथे हळदीचा वायदा पूर्वीपासून चालायचा. हरिपूरच्या पेवांत (जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यांत) माल भरून भावाची वाट पाहणारा एकीकडे, हातात पोतेही नसताना पुढचा सौदा विकणारा दुसरीकडे. सट्टेबाज म्हणून बोट नेहमी दुसऱ्याकडेच. पण २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरले, तेव्हा नुकसान माल धरून बसलेल्यांचेच झाले.

शेअर्समध्ये हे सगळे ‘बदल्या’वर चाले. पूर्ण पैसे न भरता सौदा पुढच्या सेटलमेंटला (हिशेब मिटवण्याच्या मुदतीला) ओढायचा आणि व्याज द्यायचे. शेअर्सची टंचाई झाली की मंदीवाल्याला, म्हणजे भाव पडेल या हिशेबाने आधी विकणाऱ्याला, ‘उंधा बदला’ (उलटे व्याज) मोजावा लागे. १९९३ च्या अखेरीस बदला बंद झाला, काही वर्षांनी अटींसह परतला.

खरा वाद मार्च २००१ चा. २८ फेब्रुवारीला अर्थसंकल्पावर बाजार उसळला आणि दोनच दिवसांत कोसळला. मंदीवाल्यांच्या टोळीने बाजार पाडला, असा ओरडा झाला आणि बाजाराच्या नियंत्रकाने, म्हणजे ‘सेबी’ने, शॉर्ट सेलिंगवर (हातात नसलेला शेअर आधी विकून नंतर परत घेण्यावर) बंदी घातली. संशय अगदीच निराधार नव्हता. आतली माहिती मागवल्याच्या आरोपावरून मुंबईतल्या एका शेअर बाजाराच्या अध्यक्षांना पद सोडावे लागले. पण बंदीनंतरही महिनाअखेरपर्यंत निर्देशांक घसरतच राहिला. ते साहजिक होते. आधी विकून बसलेल्याला सौदा कापायला कधीतरी खरेदी करावीच लागते. पडत्या बाजारातला हा हमखास ग्राहक बंदीने नव्याने येणेच थांबले. शिवाय तपासात जे बाहेर आले ते तेजीवाल्यांचे: माहिती-तंत्रज्ञानाचे शेअर सहकारी बँकेच्या पैशावर फुगवले गेले होते. शिक्षा मात्र आधी मंदीवाल्याला झाली. पुढे नागरी सहकारी बँकांनी दलालांना कर्ज देण्यावर निर्बंध आले, ते सांगली-साताऱ्याच्या बँकांनाही लागू झाले.

जुलै २००१ मध्ये बदला कायमचा गेला, नोव्हेंबरमध्ये शेअर फ्युचर्स (शेअर्सचे वायदे) आले, एप्रिल २००८ मध्ये शेअर उसने देण्या-घेण्याची सोय झाली.

२३ मार्च २०२० ला निफ्टी एका दिवसात सुमारे १३ टक्के पडला. या वेळी सरसकट बंदी नव्हती. पोझिशनच्या (उभ्या सौद्यांच्या) मर्यादा आणि मार्जिन (सौद्यासाठीची अनामत) तेवढे कडक झाले. चांगले शेअर धरून बसलेल्यांना फार थांबावे लागले नाही, नोव्हेंबरात निर्देशांक नव्या उच्चांकावर होते. मार्चच्या तळाला शॉर्ट करून अडकलेल्यांचे काय झाले असेल, ते वेगळे सांगायला नको.

नियंत्रकाच्याच २०२४ च्या अभ्यासानुसार आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधले (ऑप्शन म्हणजे ठरल्या भावाने घेण्या-विकण्याचा हक्क) ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते. त्यात तेजी करणारेही आले आणि मंदी करणारेही. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून निर्देशांकाच्या नव्या सौद्यांचा किमान आकार १५ लाख रुपये झाला. रोखीच्या बाजारात शॉर्ट केलेला शेअर किरकोळ गुंतवणूकदाराला त्याच दिवशी परत घ्यावा लागतो. तो घेतला नाही आणि उसनाही मिळवला नाही, तर सौदा लिलावात जातो, म्हणजे बाजार तो शेअर त्याच्या खर्चाने विकत घेतो.