दुबळ्या स्नायूंना व्यायाम किती आणि कोणता?

ड्युशेन स्नायुक्षय हा स्नायू हळूहळू दुबळे करत नेणारा आनुवंशिक आजार. तो झालेल्या ५-६ वर्षांच्या मुलाच्या पोटऱ्या वयाच्या मानाने भरदार दिसतात, आणि त्यामुळे पायांत ताकद आहे, सराव तेवढा कमी पडतो, असा घरच्यांचा समज होतो. प्रत्यक्षात तिथे स्नायुतंतूंची जागा चरबीने आणि चिवट ऊतींनी घेतलेली असते. मग उठाबशा, जिन्याची चढउतार, तेल लावून जोरात रगडणे असे उपाय सुरू होतात. ते मायेपोटीच होतात. पण मज्जातंतू आणि स्नायूंच्या आजारांत व्यायाम हा औषधासारखा मोजूनच द्यावा लागतो.

निरोगी स्नायुपेशीत डिस्ट्रॉफिन हे प्रथिन आतल्या सांगाड्याला पेशीच्या पातळ आवरणाशी बांधून ठेवते. १९८७ मध्ये ओळखले गेलेले हे प्रथिन ड्युशेनमध्ये जवळजवळ नसतेच. अशा स्नायूला सर्वाधिक इजा होते ती भार पेलत असताना तो लांबत जातो तेव्हा. जिना उतरताना किंवा उठाबशीत खाली जाताना मांडीच्या पुढच्या स्नायूंचे नेमके हेच होते. आवरण फाटते, कॅल्शियम आत शिरते आणि पेशी मरते. म्हणून जड वजने आणि उठाबशा इथे टाळतात. व्यायामाच्या दुसऱ्या दिवशीही स्नायू दुखत राहिले तर प्रमाण कमी करावे, आणि लघवी गडद तपकिरी झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

याचा अर्थ मुलाला बसवून ठेवावे असा मात्र नाही. न वापरलेला स्नायू अधिक वेगाने क्षीण होतो आणि सांधे आखडतात. माझ्या मते घरच्यांनी सर्वाधिक वेळ द्यावा तो ताण देण्याच्या व्यायामाला, आणि तोही घोट्यापासून. टाचेमागची कंडरा आखडली की मूल चवड्यांवर चालू लागते आणि तोल जाऊन पडते. मुलाला उताणे झोपवून गुडघा सरळ ठेवावा, एका हाताने टाच धरावी, त्याच हाताच्या कोपराखालच्या भागाने तळपाय हळूहळू नडगीकडे न्यावा आणि साधारण अर्धा मिनिट तसाच धरावा. ताण जाणवला पाहिजे, वेदना होता कामा नये. खुबा आणि गुडघ्यासाठीही असेच प्रकार आहेत, आणि आठवड्यातून ४ ते ६ दिवस ते व्हायला हवेत. रात्री घोटा काटकोनात ठेवणारा स्प्लिंट, म्हणजे आधाराची पट्टी, त्याला पूरक ठरतो. या आजारावर औषध म्हणून स्टेरॉइड घेणाऱ्या मुलांची हाडे ठिसूळ झालेली असू शकतात, त्यामुळे हिसका देऊन सांधा मोकळा करणाऱ्यांपासून त्यांना दूरच ठेवावे. हलक्या हाताच्या मालिशने बरे वाटते. ताकद मात्र वाढत नाही.

पाण्यातला व्यायाम फार उपयुक्त, कारण पाणी शरीराचा भार उचलून धरते. गोव्यात समुद्र दाराशी असला तरी लाटा आणि वाळू यांमुळे तो या कामाचा नाही. कोमट पाण्याचा, कठडा असलेला उथळ तलाव लागतो. छातीपर्यंतच्या पाण्याचा दाब श्वासावर पडतो, म्हणून श्वसनक्षमता आधी तपासून घ्यावी.

इतर आजारांचे गणित वेगळे आहे. मायस्थेनियात, म्हणजे मज्जातंतूंचा संदेश स्नायूंपर्यंत नीट न पोहोचण्याच्या आजारात, उकाड्याने अशक्तपणा वाढतो. गोव्यातल्या एप्रिल-मेच्या दमट दिवसांत व्यायाम सकाळच्या गारव्यात, औषधाचा परिणाम सुरू झाल्यावर करावा. गियाँ-बारे विकारात शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंवर हल्ला करते; त्यातून सावरताना, तंतूच तुटलेले असतील तर ते दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतात, तेव्हा घाई करण्यात अर्थ नाही. शार्को-मारी-टूथ या मज्जातंतूंच्या आनुवंशिक विकारात पाऊल लोंबते, त्यासाठी घोट्याचा ब्रेस उपयोगी पडतो.

घराकडेही पाहायला हवे. चिऱ्याच्या उंच पायऱ्या आणि पावसाळ्यात शेवाळलेले अंगण ही आपल्याकडच्या जुन्या घरांतली पडण्याची ठिकाणे. कठडा, उतार आणि खडबडीत फरशी यांची सोय फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्यानेच करावी. पेडणे किंवा सत्तरीसारख्या दूरच्या तालुक्यांतून रोज बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) जाणे जमणारे नाही; म्हणून तिथे ठरावीक काळाने तपासणी करून घ्यावी, तिथूनच घरच्या व्यायामाचा लेखी आराखडा मागून घ्यावा आणि रोजचे काम घरी करावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्नायुक्षयाचा समावेश आहे, तेव्हा प्रमाणपत्र काढून घेण्यात उशीर करू नये.

यांतल्या अनेक आजारांत श्वासाचे स्नायूही दुबळे होतात, पण श्वासाचा विचार बहुधा फार उशिरा होतो, हे मला सर्वांत जास्त खटकते. एका श्वासात किती अंक मोजता येतात, ते घरी महिन्यातून एकदा लिहून ठेवावे. निरोगी प्रौढाला साधारण ४०-५० पर्यंत मोजता येते, आणि आकडा घसरू लागला तर फुप्फुसांची तपासणी करून घ्यावी. खोकल्याचा जोर, म्हणजे खोकताना बाहेर पडणाऱ्या हवेचा वेग, मिनिटाला २७० लिटरच्या खाली गेला की साध्या सर्दीतही कफ बाहेर टाकणे कठीण होऊ शकते. अशा वेळी अंबू बॅगने (हाताने दाबून हवा भरण्याच्या पिशवीने) एकावर एक श्वास भरून मग खोकण्याचे तंत्र, आणि गरज पडल्यास खोकायला मदत करणारे यंत्र कामी येते. पावसाळ्यातील सर्दी-खोकला सुरू होण्याआधीच हे तंत्र घरातल्या किमान दोघांनी फिजिओथेरपिस्टकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावे.