कांदा की मुळा?

एप्रिलात आगरात शिंपण चालू असताना माडाच्या आळ्याकडे थोडा वेळ नुसतं बघत राहावं. ओतलेलं पाणी जांभ्याची लाल माती गटागटा पिते आणि दुपारी वरचा थर पुन्हा कोरडा. थोडं पाणी उन्हानं उडालेलं असतं, बरंच मुळांना चुकवून खाली गेलेलं. ठिबकची नळी जमिनीत पुरली तर उन्हाचा वाटा वाचतो. पण पुरायची किती खोल? वीतभर की हातभर? सगळी बाग खणण्याआधी हे संगणकावर मांडून बघता येतं.

अडचण अशी, की पाणलोटाचा हिशेब करणारी बरीच सॉफ्टवेअर मुळात पावसासाठी घडलेली. सिंचनाचं पाणीही ती वरूनच टाकतात. त्यांच्या लेखी ठिबक म्हणजे आणखी एक सर. मग नळी पुरलीत काय नि न पुरलीत काय, वरची माती ओलीच होणार आणि बाष्पीभवनही तेवढंच निघणार. जी बचत मोजायची, तीच गायब!

म्हणून एका झाडापुरता प्रश्न असेल तर ‘हायड्रस’सारखं सॉफ्टवेअर बरं. पाणी ओल्या मातीतून झरझर जातं आणि माती सुकत गेली की त्याची वाट अडते; हे गणितात बसवणारं 1931 सालचं रिचर्ड्सचं समीकरण ते सोडवतं. त्यात पाणी जमिनीच्या पोटातही सोडता येतं. समजा, तासाला 2 लिटर देणारा ड्रिपर, म्हणजे ठिबकच्या नळीचं थेंब सोडणारं तोंड, ही 1 सेंटिमीटर त्रिज्येची गोळी. तिचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस सेंटिमीटर, म्हणजे तिच्या अंगातून तासाला सुमारे 159 सेंटिमीटर उंचीचं पाणी बाहेर पडतं. कोकणात अख्ख्या पावसाळ्यात साधारण 300 सेंटिमीटर पडतो. गोळीलगतची माती तेवढं दोन तासांत झेलते. हिशेबासाठी सॉफ्टवेअर मातीचे लहान लहान तुकडे पाडतं; ती गणिताची जाळी त्यामुळे तिथे अगदी बारीक विणावी लागते. लांबवर ती विरळ ठेवली तरी चालते.

माझ्या मते खरी गोम मात्र मातीतच आहे. वाळू, पोयटा, चिकणमाती यांचे टक्के भरले की माती किती पाणी धरेल, हे सॉफ्टवेअर अंदाजानं सांगतं. ते अंदाज बहुतांशी अमेरिका-युरोपातल्या थंड मुलखातल्या नमुन्यांवर बेतलेले. जांभ्याच्या मातीत चिकणमातीचा टक्का भरपूर, पण लोहाच्या ऑक्साइडांनी तिचे कण एकमेकांना चिकटून बारीक रवाळ खडे झालेले असतात. पाणी त्या खड्यांमधल्या फटींतून वाळूतल्यासारखं निसटतं. कागदावर चिकण, वागायला वाळू. आकडे तसेच भरले तर पडद्यावर ड्रिपरभोवती ओलाव्याचा गोल कांदा दिसतो आणि बागेत खणल्यावर लांब मुळा निघतो. कांद्यावर विसंबून नळी हातभर खाली घातली, तर मुळ्याचं टोक मुळांच्याही खाली जाईल.

तेव्हा आधी एकच ड्रिपर पुरावा. दोन तास पाणी सोडून बंद करावं, शेजारी उभा चर खणावा आणि ओल कुठवर गेली ते टेपनं मोजावं. मग तो आकार जुळेपर्यंत सॉफ्टवेअरमधले मातीचे आकडे बदलत बसावं. कंटाळवाणं काम आहे, चर खणणाऱ्या गड्याला ते बिलकुल पटत नाही.