समाजमाध्यमे आणि गायक-वादक

समाजमाध्यमे आणि गायक-वादक : फेसबुक (२००४), यूट्यूब (२००५), इन्स्टाग्राम (२०१०) यांच्या प्रसाराने कलावंत आणि श्रोता यांच्यामधली ध्वनिमुद्रिका कंपनी, आकाशवाणी आणि आयोजक ही साखळी सैल झाली. गाणे थेट लोकांच्या फोनवर जाऊ लागले. मात्र तिथे पोहोचतो तो बहुधा गाण्याचा तुकडा. तो कुठे कापायचा आणि त्याखाली काय लिहायचे, हे दर वेळी कलावंताच्या हाती राहत नाही. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः मराठी आणि हिंदुस्थानी संगीताच्या अंगाने या बदलाचा विचार केला आहे.

गाण्याला वेळेची कात्री लागणे नवे नाही. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण झाले तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असे. तासभर रंगणारा राग गवयांनी तेवढ्यात बसवला. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी साडेतीन मिनिटांची आहे आणि १९७७ मध्ये ती व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. तेव्हा लहान म्हणजे हलके, असे म्हणता येत नाही. पण ती साडेतीन मिनिटे गाणाऱ्या बाईंनी स्वतः बांधलेली होती. सुरुवात कुठे, तान कधी, थांबायचे कुठे, हे त्यांनी ठरवले होते.

रीलचे तसे नाही. जुलै २०२० मध्ये इन्स्टाग्रामने भारतात रील आणले ते पंधरा सेकंदांचे. अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतल्या, एकतालाचे एक आवर्तन (बारा मात्रांचा पूर्ण फेरा) मिनिटभर चालते. पंधरा सेकंदांत त्याच्या बारांपैकी तीन मात्रा होतात, सम (फेरा जिथे पुन्हा सुरू होतो ती पहिली मात्रा) दूरच राहते. त्यामुळे मैफलीतून उचलला जातो तो अखेरचा भाग : द्रुतातली, म्हणजे जलद लयीतली तान, तिहाई (एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणे), तार षड्जावर, म्हणजे वरच्या ‘सा’वर लावलेला लांब सूर आणि पहिल्या रांगेतले वर झालेले हात. त्याआधीचा अर्धा तास, ज्याच्यामुळे ते हात वर झाले, तो दिसतच नाही. नव्याने गाणे शिकणाऱ्या मुलांच्या कानावर राग असाच, शेवटाकडून पडू लागला आहे. प्रस्तुत लेखकाला ही सर्वांत गंभीर हानी वाटते. जानेवारी २०२५ मध्ये रीलची मर्यादा तीन मिनिटांवर, म्हणजे जुन्या तबकडीइतकी झाली. तोवर ऐकणाऱ्यांचे बोट पुढचे रील वर सरकवायला सरावले होते.

सुगम आणि चित्रपटसंगीताला हे माध्यम अधिक मानवले. ‘महाराष्ट्र शाहीर’ (२०२३) मधले ‘बहरला हा मधुमास’ त्याच्या सोप्या, ठसकेबाज नाचामुळे रीलवर घरोघरी पोहोचले. जळगाव जिल्ह्यातून आलेल्या संजू राठोड यांचे ‘गुलाबी साडी’ (२०२४) तर चित्रपटाचा आधार नसताना देशभर गाजले. ही दारे पूर्वी एवढी सहज उघडत नव्हती. नगर जिल्ह्यातल्या एका शाळकरी मुलाने २०२२ मध्ये वर्गात उभे राहून ‘चंद्रा’ म्हटले. पुढे वाद्यमेळ नाही, माईक नाही, नुसता गळा. ते चित्रीकरण पसरले आणि मूळ गाण्याचे संगीतकार अजय-अतुल यांनी त्याला ‘महाराष्ट्र शाहीर’मध्ये गायला बोलावले.

प्रसिद्धी जितकी झटकन येते तितकीच ती उलटतेही. २०१९ मध्ये पश्चिम बंगालमधील राणाघाट स्थानकावर ‘एक प्यार का नग़मा है’ गाणाऱ्या रानू मंडल यांचे चित्रीकरण असेच पसरले आणि त्यांना हिंदी चित्रपटात गाणे मिळाले. काही महिन्यांत त्यांच्या रंगभूषेचे एक छायाचित्र टिंगलीचा विषय झाले. ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतले होते त्यांनीच त्यांची थट्टा चालवली. फलाटावर गाणाऱ्या त्या बाईंनी यांपैकी काहीच मागितले नव्हते.

जमवलेला श्रोतृवर्गही कलावंताच्या मालकीचा नसतो. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ उपयोजनांवर (ॲपवर) बंदी घातली, तेव्हा खेड्यापाड्यातल्या असंख्य गाणाऱ्या-नाचणाऱ्यांचे प्रेक्षक एका निर्णयासरशी गेले. त्याच वर्षीच्या कोरोना टाळेबंदीत घरून थेट गाणाऱ्या शास्त्रीय गायकांना वेगळाच अनुभव आला : ओळख पटवणारी स्वयंचलित यंत्रणा पारंपरिक बंदिशीला एखाद्या कंपनीचे ध्वनिमुद्रण समजे आणि गाणे चालू असताना आवाज बंद पडे.

टोळधाडीसारखे तुटून पडणे, म्हणजे ट्रोलिंग, सगळ्याच सार्वजनिक व्यक्तींच्या वाट्याला येते. ऑक्टोबर २०२१ मधील पाकिस्तानविरुद्धच्या पराभवानंतर गोलंदाज महंमद शमी यांच्यावर धर्मावरून गरळ ओकली गेली आणि कर्णधार विराट कोहली उघडपणे त्यांच्या बाजूने उभे राहिले. गायक सोनू निगम यांनी मे २०१७ मध्ये ट्विटरच सोडले. बायकांच्या बाबतीत हल्ला शरीरावर येतो. महाराष्ट्रातील एका लोकप्रिय नृत्यांगनेचे कपडे बदलतानाचे चित्रीकरण २०२३ मध्ये चोरून काढून पसरवण्यात आले. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तेव्हा असा मजकूर तक्रारीनंतर २४ तासांत हटवावा लागे. पण तो एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जायला तेवढा वेळ लागत नाही.

अलीकडे तर खऱ्या तुकड्याचीही गरज उरलेली नाही. जुन्या ध्वनिमुद्रणांवरून कृत्रिम बुद्धिमत्ता गायकाचा आवाज घडवते आणि त्याने कधीच न गायलेले गाणे त्याच्या गळ्यातून ऐकवते. अरिजित सिंग यांच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अशा वापराला मनाई केली आणि आवाज हा गायकाच्या व्यक्तिमत्त्व हक्काचा भाग मानला. २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही त्याच न्यायालयाने असेच संरक्षण दिले. ‘माझं बाळ’ या मराठी चित्रपटासाठी १९४३ मध्ये पहिल्यांदा गायलेल्या आशाताईंनी तेव्हा वयाची ९२ वर्षे पूर्ण केली होती.