बडोद्यात घराण्याचे जुने कागद शोधताना: अर्ज, पात्रता, कागदपत्रं

सरकारी खिडकीवर जाऊन "वंशावळ हवी आहे" म्हणालात, तर पलीकडून बहुधा प्रश्न येतो, "पेढीनामा काढायचाय का?" दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. पेढीनामा वारसासाठी असतो. तो तलाटी करून देतो आणि त्यात मृत व्यक्ती व तिचे वारस एवढीच माणसं येतात. त्यासाठी वारसानेच अर्ज करायचा. सोबत मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र, आधार, रेशनकार्ड आणि मिळकतीचा उतारा लागतो. पंचांचे जबाबही होतात, म्हणून घराला ओळखणारी वयस्कर माणसं आधीच विचारून ठेवा. सासरी गेलेल्या बहिणीचं नाव गाळू नका. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे आणि गाळलेलं नाव पुढे कोर्टात उभं राहतं.

पणजोबांच्या मागे जायचं असेल तर पेढीनामा कामाचा नाही. तिथून वेगळी वाट सुरू होते.

पहिला टप्पा महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागाचा. 1969 च्या नोंदणी कायद्याच्या कलम 17 प्रमाणे कोणीही नोंदीचा शोध घ्यायला सांगू शकतं. मृत्यूचं कारण मात्र उताऱ्यात दिलं जात नाही. अर्जात एकच तारीख लिहू नका, चार-पाच वर्षांचा पट्टा द्या. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुतेकदा नसतंच, म्हणून वडिलांचं नाव आणि मोहल्ला लिहा: दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, जे असेल ते. गावाकडे जमीन असेल तर गुजरात सरकारच्या एनीआरओआर या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावर जुने सातबारा आणि गाव नमुना 6 च्या (फेरफाराच्या) नोंदी स्कॅन करून ठेवलेल्या आहेत. वारसाची फेरनोंद नमुना 6 मध्ये सापडते आणि त्यात पूर्वीच्या पिढीची नावं असतात. सगळं गुजरातीत असतं, पण बडोद्याच्या मराठी माणसाला ते वाचायला सांगावं लागत नाही.

शाळेचं जनरल रजिस्टर हा मला सगळ्यात आवडणारा कागद. सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये राज्यभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं, मुलग्यांना 7 ते 12 आणि मुलींना 7 ते 10 वर्षांपर्यंत. म्हणून त्या काळातल्या पणजीचं माहेरचं नाव शाळेत मिळू शकतं. आपल्याकडे लग्नात मुलीचं नावच बदलायचे, त्यामुळे सासरच्या कागदात 'सौ. लक्ष्मीबाई' असलेली बाई शाळेत वेगळ्याच नावाने बसलेली असते. मुख्याध्यापकांना साधा अर्ज, स्वतःचं ओळखपत्र आणि नातं दाखवणारा एखादा कागद पुरतो. शाळा सरकारी असेल आणि उत्तर येत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. गुजरातेत त्याचं शुल्क 20 रुपये आहे आणि उत्तराची मुदत 30 दिवस.

आता मुख्य दफ्तर. बडोदा संस्थानचे कागद गुजरात राज्याच्या अभिलेखागाराच्या इथल्या कोठीतल्या दफ्तरात आहेत. अर्जात स्वतःचं नाव-पत्ता, शोधाचा हेतू, विषय आणि काळ लिहायचा. ओळखपत्राची प्रत आणि फोटो जोडायचा. विद्यार्थ्यांनी मार्गदर्शकाचं पत्र आणावं. मूळ कागद बाहेर नेता येत नाहीत, नकलेसाठी वेगळी परवानगी आणि शुल्क. पेन्सिलच न्या.

इथे बहुतेक लोक चुकतात. मीही चुकलो आणि एक अख्खी सकाळ घालवली. "अमुक आडनावाचे कागद द्या" असा अर्ज केला, तर काही हाती लागत नाही. दफ्तर खात्यांनी लावलेलं असतं, घराण्यांनी नाही. खापरपणजोबा शिलेदार होते, खासगीत (राजघराण्याच्या घरगुती खात्यात) होते, कारकून होते, की एखाद्या देवस्थानाच्या वर्षासनावर (वार्षिक नेमणुकीवर) होते, हे आधी घरात विचारून घ्या आणि अर्जात आडनावाच्या आधी हुद्दा लिहा. पुढे कागदात 'रघोजी बिन संताजी' असं दिसलं की 'बिन' म्हणजे मुलगा. पुष्कळदा आडनाव नसतंच.

तारखाही पारखून घ्या. शकात 78 मिळवले की इसवी सन. संवत असेल तर 56 किंवा 57 वजा, आणि गुजरातचं संवत कार्तिकात बदलतं हे लक्षात ठेवा. मोडीत, म्हणजे जुन्या कागदांच्या मराठी लिपीत, 'अर्बा अशरीन मयातैन अलफ' असं काही आलं तर घाबरू नका. ती अरबी संख्या आहे: चार, वीस, दोनशे, हजार, म्हणजे मराठी दफ्तरातल्या सुहूर कालगणनेचं सन 1224. त्यात 599 किंवा 600 मिळवा. हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होतं, म्हणून 1823 च्या जूनपासून 1824 च्या जूनपर्यंतचा काळ.

मोडी शिकायची असेल तर पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाचे वर्ग होतात. महाराष्ट्राचं पुराभिलेख खातंही प्रशिक्षण घेतं. रोज अर्धा तास बसलं तर काही महिन्यांत आपल्या घरचं पत्र अडखळत का होईना वाचता येतं. त्याआधी पैसे देऊन अख्खा गठ्ठा वाचून घेऊ नका. अगोदर दोन पानं द्या आणि नावं जुळतात का बघा.

शेवटचा मुक्काम नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांचा, म्हणजे यात्रेकरूंच्या घराण्यांच्या वह्या ठेवणाऱ्या पुरोहितांचा. तिथे ना अर्ज, ना पात्रता. तिथे पहिला प्रश्न मूळ गावाचा आणि आडनावाचा, म्हणजे दफ्तराच्या अगदी उलट. बडोद्याला येण्याआधीचं गाव आठवत नसेल तर कुलदैवत सांगा, त्यावरून ते प्रांत ओळखतात. वही उघडली की पूर्वजांच्या नावाखाली तुमचीही नोंद करून घेतात. ती करताना लेकींची आणि सुनांची माहेरची नावं सांगायला विसरू नका, कारण जुन्या पानांवर नेमकी तीच सापडत नाहीत.